लसींची शीतसाखळी: फ्रिजवर पहारा ठेवणारे छोटे सेन्सर

बाळाला लस टोचली, कार्डावर तारीख पडली, म्हणजे आपण निश्चिंत होतो. पण ती लस टोचण्याआधी योग्य थंडाव्यात राहिली होती का, हे कार्ड सांगत नाही. उन्हाने किंवा गोठल्याने बिघडलेली लस बहुधा वरून चांगल्या लसीसारखीच दिसते. बाळ रडते, दंड किंवा मांडी थोडी दुखते, सगळे नेहमीसारखे होते. फक्त संरक्षण कमी मिळते. नोंदवहीत असे बाळ 'सुरक्षित' असते आणि गावात गोवर आला की तेच आजारी पडू शकते.

म्हणून लसीच्या तापमानावर सतत नजर ठेवावी लागते. हे काम आता स्वस्त सेन्सर, सिमकार्ड असलेले तापमान नोंदक आणि कुपीवरचे छोटे बिल्ले करतात. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यासारख्या भागात त्यांचे महत्त्व जास्त आहे. इथे उन्हाळा कडक आहे, बालाघाटाच्या डोंगरात वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत, वीज अधूनमधून जाते आणि बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी वर्षातले काही महिने गावाबाहेर असतात.

लस कशाने बिघडते?

लसीकरण केंद्रातल्या लसींसाठी योग्य तापमान +२ ते +८ अंश सेल्सिअस असते. याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे धोका आहे.

उष्णता: तोंडावाटे देण्याची पोलिओ लस उष्णतेने सर्वांत लवकर बिघडते. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लसी भुकटीच्या रूपात असतात. भुकटी असताना त्या थोड्या टिकतात, पण त्यात द्रावण मिसळले की लवकर बिघडतात. म्हणून मिसळल्यानंतर जास्तीत जास्त चार तासांत किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंतच त्या वापरतात. उरलेली लस टाकून देतात. या दोन लसींना उजेडही सोसत नाही.

गोठणे: बहुतेक लोकांना वाटते, 'जितके थंड तितके चांगले'. हा समज चुकीचा आहे. हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट, त्रिगुणी (डीपीटी), टीडी, न्यूमोकोकल आणि इंजेक्शनची पोलिओ लस गोठली की निकामी होते. यांतल्या बऱ्याच लसींत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटतात, मग लस पुन्हा पातळ झाली तरी तिची ताकद परत येत नाही. अशी लस टोचली तर त्या जागी गाठ किंवा गळूही होऊ शकते. तोंडावाटे देण्याची पोलिओ लस मात्र गोठली तरी चालते.

उन्हाचा धोका सर्वांना दिसतो, गोठण्याचा दिसत नाही. भारतात १० राज्यांत लसींसोबत छोटे तापमान नोंदक ठेवून एक अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वांत खालच्या पातळीवरच्या आरोग्य केंद्रांत साठवणीच्या सुमारे १० टक्के वेळेत तापमान शून्याखाली गेलेले आढळले. वाहतुकीतही काही वेळ तापमान शून्याखाली गेलेले आढळले. म्हणजे काळजी म्हणून दिलेला जास्तीचा थंडावाच लस बिघडवत होता. दिवसातून दोनदा थर्मामीटर पाहून हे कळणे अवघड होते. सेन्सर सोबत ठेवले तेव्हा ते उघड झाले.

शीतसाखळी म्हणजे काय?

कारखान्यापासून बाळापर्यंत लस थंड ठेवण्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. लस राज्याच्या भांडारातून विभागाला, तिथून बीडच्या जिल्हा भांडारात आणि पुढे ग्रामीण रुग्णालय व प्राथमिक आरोग्य केंद्रांत येते. लसीकरणाच्या दिवशी ती निळ्या डब्यातून, म्हणजे व्हॅक्सिन कॅरिअरमधून, उपकेंद्रावर, अंगणवाडीत किंवा वस्तीवर जाते.

आरोग्य केंद्रात लस ठेवण्याचा फ्रिज घरच्यासारखा नसतो. त्याला आयएलआर म्हणतात. त्याचे झाकण वरून उघडते. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती खालीच राहते. भिंतींच्या आत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी तो चालतो. मात्र त्याच्या तळाशी थंडी जास्त असते. म्हणून गोठून बिघडणाऱ्या लसी वरच्या जाळीत आणि पोलिओ, गोवर-रुबेला, बीसीजी खाली ठेवतात.

पहिला पहारेकरी: कुपीवरचा बिल्ला

लसीच्या कुपीवर एक छोटे वर्तुळ असते आणि त्याच्या आत एक चौकोन. याला व्हीव्हीएम म्हणतात. १९९६ मध्ये तो प्रथम पोलिओ लसीवर आला. चौकोनात उष्णतेने हळूहळू गडद होणारे रसायन असते. त्याला वीज, बॅटरी काही लागत नाही.

वाचायची पद्धत सोपी आहे.

- आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरता येते.
- चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर लस वापरू नये.

हा बिल्ला आत्ताचे तापमान दाखवत नाही. कारखान्यातून निघाल्यापासून कुपीने किती उष्णता सोसली याची तो बेरीज करतो. एकदा गडद झालेला चौकोन पुन्हा फिका होत नाही. प्रत्येक लसीचा बिल्ला तिच्या नाजूकपणाप्रमाणे असतो. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीचा बिल्ला ३७ अंशांत दोन दिवसांतच 'टाकून द्या' या टप्प्याला येतो. हिपॅटायटिस-बीच्या बिल्ल्याला त्याच तापमानात सुमारे ३० दिवस लागतात.

पातळ लसींवर हा बिल्ला लेबलवर असतो. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या कुपीवर तो झाकणावर असतो. झाकण काढले की बिल्ला गेला. म्हणून या लसींचा चौकोन कुपी उघडण्याआधीच पाहायचा.

बिल्ल्याची एक मोठी मर्यादा आहे: गोठणे त्याला कळत नाही. गोठून निकामी झालेल्या कुपीवरचा चौकोन छान फिका असू शकतो. इथे दुसरा पहारेकरी लागतो.

दुसरा पहारेकरी: सिमकार्डचा तापमान नोंदक

आयएलआरमध्ये वायरच्या टोकाला एक बारीक सेन्सर असतो. तापमान बदलले की त्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा बदलतो आणि यंत्र त्यावरून अंश मोजते. वायर झाकणाच्या फटीतून बाहेरच्या छोट्या पेटीला जोडलेली असते. पेटीत बॅटरी आणि मोबाईलसारखे सिमकार्ड असते. ती ठरावीक मिनिटांनी तापमान नोंदवते आणि मोबाईल नेटवर्कवरून पाठवते. फ्रिजची वीज गेली तरी बॅटरीमुळे नोंद चालू राहते.

तापमान जरा हलले की लगेच इशारा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाप्रमाणे तापमान सलग १० तास ८ अंशांच्या वर राहिले तर उष्णतेचा इशारा येतो. पण ते उणे ०.५ अंश किंवा त्याखाली फक्त एक तास राहिले तरी गोठण्याचा इशारा येतो. एका बाजूला दहा तास आणि दुसऱ्या बाजूला एकच तास, कारण थोडी उष्णता बहुतेक लसी काही काळ सोसतात, पण गोठलेली लस परत सुधारत नाही.

भारतात या नोंदकांना 'ई-विन' या व्यवस्थेशी जोडले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या, म्हणजे यूएनडीपीच्या मदतीने २०१५ मध्ये उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि राजस्थानात ती सुरू केली. नंतर ती टप्प्याटप्प्याने महाराष्ट्रासह इतर राज्यांत आली. त्यात दोन गोष्टी एकत्र दिसतात: कोणत्या केंद्रात कोणती लस किती शिल्लक आहे आणि तिथला फ्रिज किती अंशांवर आहे. साठ्याची नोंद कर्मचारी मोबाईलवर करतात, तापमान नोंदक आपोआप पाठवतो. २०२० मध्ये सरकारने दिलेल्या माहितीनुसार देशभरात असे सुमारे २३,९०० नोंदक बसवलेले होते. कोविडच्या काळातली 'को-विन' यंत्रणा याच पायावर उभी राहिली.

इशारा आल्यावर काय करायचे?

सेन्सर स्वतः काहीच दुरुस्त करत नाही, तो फक्त हाक मारतो. पुढचे काम माणसाचे असते. दोन प्रसंग पाहू.

प्रसंग १. मे महिना, वळवाचा पाऊस. समजा, पाटोदा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राची वीज वादळात संध्याकाळी गेली. तार तुटली आहे, दुरुस्तीला वेळ लागणार. अशा वेळी झाकण वारंवार उघडून पाहणे ही मोठी चूक ठरते. झाकण बंद ठेवले तर आयएलआर बरेच तास थंडावा धरून ठेवतो. बाहेरच्या पेटीवर तापमान दिसतेच. ते ८ अंशांकडे चढू लागले तर लस कोल्ड बॉक्समध्ये हलवायची किंवा वीज असलेल्या जवळच्या शीतसाखळी केंद्रात पोहोचवायची. वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचे. वीज आल्यावर लगेच निष्कर्ष काढायचा नाही. नोंदकावरचा आलेख आणि प्रत्येक कुपीवरचा बिल्ला पाहून ठरवायचे.

प्रसंग २. डिसेंबरची रात्र. उन्हाळ्यात फ्रिज थंड राहावा म्हणून कुणीतरी त्याचे बटण जास्तीवर नेले आणि ते तसेच राहिले. डोंगरातल्या थंडीत रात्री फ्रिजचे तापमान शून्याखाली गेले. सकाळी आठ वाजता थर्मामीटर पाहीपर्यंत ते पुन्हा २ अंशांवर आले. वहीत '+२, ठीक' अशी नोंद होईल. पण नोंदकाने पहाटेच इशारा पाठवलेला असतो. अशा वेळी गोठून बिघडणाऱ्या लसी वेगळ्या काढून 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून ठेवतात. नंतर वैद्यकीय अधिकारी निर्णय घेतात.

काही लसी गोठल्या होत्या का हे 'हलवून पाहण्याच्या' चाचणीने कळते. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात. तिच्यासोबत संशयित कुपी हलवून दोन्ही शेजारी ठेवतात. गोठलेल्या लसीतले कण लवकर तळाशी बसतात. संशयित कुपीही तितक्याच वेगाने बसली तर ती बाद होते. मात्र गोठलेली कुपी डोळ्यांनी दिसली असेल तर चाचणीची गरज नसते, ती थेट बाद करतात.

शेवटचा टप्पा: डब्यातला प्रवास

आयएलआरमधला नोंदक केंद्रातच राहतो. लस मात्र डब्यातून वाडीवर जाते आणि अनेकदा चूक इथेच होते.

डब्यात चार आईसपॅक ठेवतात. डीप फ्रीझरमधून काढलेले टणक आईसपॅक लगेच ठेवले तर त्यांना चिकटलेल्या कुप्या गोठतात. म्हणून आईसपॅक आधी बाहेर ठेवून थोडे वितळू देतात. हलवल्यावर आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला की तो वापरायला तयार. सकाळी घाई असते, गाडी उभी असते, तरी ही वाट पाहण्याची मिनिटे चुकवायची नाहीत. डबा उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या टपावर ठेवायचा नाही. सत्रात तो सतत उघडझाप करायचा नाही.

ऊसतोड कुटुंबांसाठी हा टप्पा आणखी लांबतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर परततात. बाळाची दीड महिन्याची लस गावात, अडीच महिन्यांची कारखान्याजवळच्या कोपीवर आणि नऊ महिन्यांची पुन्हा गावात, असे होऊ शकते. कोपीवर लस नेणाऱ्या डब्याचाही तोच नियम. फडाच्या बांधावर, उन्हात नोंदक नसला तरी कुपीवरचा बिल्ला सोबत असतो. शेवटच्या क्षणापर्यंत लसीबरोबर जाणारा पहारेकरी तोच.

लस कोणत्याही गावच्या सरकारी केंद्रात मोफत मिळते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. आता 'यू-विन'वरही लसीची नोंद होते, त्यामुळे कार्ड हरवले तरी मागचे डोस शोधणे सोपे जाते.

वायरलेस टॅगचा उपयोग

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग तुम्ही पाहिला असेल. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओलहरींतून त्याला क्षणभर शक्ती मिळते आणि तो आपला क्रमांक सांगतो. असाच टॅग लसीच्या पेटीवर लावला तर पेटी न उघडता ती कोणत्या बॅचची हे कळते. काही टॅगमध्ये तापमानाचा सेन्सर आणि छोटी बॅटरी असते. असा टॅग डब्यात ठेवला तर प्रवासातले तापमान नोंदले जाते आणि नंतर मोबाईल जवळ नेऊन वाचता येते. जिल्हा भांडारापासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या वाहतुकीसाठी हे विशेष उपयोगी आहे. प्रत्येक कुपीसाठी मात्र साधा रंग बदलणारा बिल्लाच स्वस्त आणि पुरेसा आहे.

सेन्सर कुठे कमी पडतात?

- नेटवर्क: डोंगराच्या खोलगट भागात रेंज नसेल तर इशारा उशिरा जातो. नोंद यंत्रात साठते, पण वेळ निघून गेलेली असते.
- जागा: सेन्सर फ्रिजच्या भिंतीला टेकला किंवा तळाशी पडला तर खरे तापमान कळत नाही. तो लसींच्या मध्ये हवा.
- मोबाईल क्रमांक: कर्मचाऱ्याची बदली झाली आणि यंत्रणेत जुनाच क्रमांक राहिला, तर इशारा भलत्याच गावी जातो.
- सवय: रोज खोटे इशारे येऊ लागले की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.
- देखभाल: बॅटरी, सिमकार्ड आणि अचूकतेची तपासणी वेळेवर लागते.

म्हणून नोंदक असला तरी थर्मामीटर पाहून दिवसातून दोनदा वहीत लिहिणे बंद करायचे नसते. रविवारी आणि सणालाही ही नोंद व्हायला हवी.

सेन्सरने न सुटणारा प्रश्नही आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. तिचे मुख्य कारण लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले हे होते. फ्रिज उत्तम असला तरी बाळ केंद्रापर्यंत आले नाही तर उपयोग नाही.

पाणी, हवा, धान्य यांसाठीही हेच

गावच्या टाकीतले क्लोरीन, शहरातल्या हवेतली धूळ, गोदामातली ओल मोजायलाही आता स्वस्त सेन्सर मिळतात. गावात असे यंत्र बसणार असेल तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. ते नेमके काय मोजते? इशारा कोणाच्या मोबाईलवर जातो? तो माणूस किती वेळात काय करणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर भिंतीवर फक्त एक आकडा दिसत राहील.

पालकांनी काय पाहावे?

- लस देण्याआधी सिस्टरना किंवा आशाताईंना कुपीवरचा चौकोन दाखवायला सांगा. हा अविश्वास नाही, तुमचा हक्क आहे.
- कुपी आधीच उघडलेली असेल तर उघडल्याची तारीख लेबलवर आहे का ते पाहा. पेंटाव्हॅलंट, टीडी, पोलिओ यांसारख्या लसी नीट थंड ठेवल्या आणि बिल्ला चांगला असेल तर उघडल्यापासून २८ दिवसांपर्यंत वापरता येतात. गोवर-रुबेला आणि बीसीजीला मात्र चार तासांचाच नियम.
- खासगी दवाखान्यातही हेच विचारा. लसीचा फ्रिज वेगळा आहे का, त्यात थर्मामीटर आहे का, वीज गेली तर काय सोय आहे? तिथल्या काही लसींवर बिल्ला नसतो, म्हणून फ्रिजची चौकशी जास्त महत्त्वाची.
- विकत घेतलेली लस स्वतः नेताना ती बर्फाला थेट चिकटवू नका आणि खिशातही ठेवू नका. थंड डब्यातूनच न्या.

नेहमीचे प्रश्न

लस दिल्यावर बाळाला ताप आला नाही, म्हणजे लस खराब होती का?
नाही. ताप येणे किंवा न येणे यावरून लसीचा दर्जा कळत नाही.

खराब लस दिली गेल्याची शंका असेल तर?
कार्ड घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. त्या दिवसाच्या तापमानाची नोंद तपासता येते. गरज असेल तर तो डोस पुन्हा देण्याचा निर्णय ते घेतील. टोचल्या जागी लाली, गाठ किंवा पू दिसला तर लगेच दाखवा.

अशा शंकांमुळे लस पुढे ढकलावी का?
ढकलू नका. गोवर, घटसर्प, धनुर्वात हे आजार लसीबद्दलच्या शंकेपेक्षा कितीतरी धोकादायक आहेत. चौकोन पाहा, प्रश्न विचारा आणि लस वेळेवर घ्या.